दत्तमित्र, इरिल आणि माझा खोडलेला तक्ता

जुन्नरच्या मानमोडी डोंगरावर भूतलिंग गटात एक चैत्यगृह आहे. दर्शनी कमानीत कमळाच्या पाकळ्यांसारखी आखणी, त्यात गजलक्ष्मी आणि तिथेच एक छोटा ब्राह्मी लेख. अर्थ सरळ आहे: यवन चंद याचं दान, गर्भदार. मी कॉलेजच्या मुलांना घेऊन तिथे जातो तेव्हा कुणीतरी हमखास विचारतं, "म्हणजे सर, ग्रीक लोक इथे राहायचे?" पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी छाती फुगवून "हो" म्हणायचो. आता म्हणत नाही. "नाही" असंही म्हणत नाही. या दोन्हींच्या मध्ये काय आहे ते आज सांगतो, कारण तुमच्यापैकी बरेच जण सिनॉप्सिस लिहायला बसलेत आणि नावांवरून निष्कर्ष काढायचा मोह इतिहास, भाषाशास्त्र, समाजशास्त्र, कुठेही गेलात तरी सुटत नाही.

जुन्नर परिसरात दोनशेहून जास्त लेणी आहेत आणि त्यातल्या तीन दानलेखांत दाता स्वतःला यवन म्हणवतो. पहिला हा चंद. दुसरा चिट, त्याने संघाला भोजनमंडप दिला. तिसरा इरिल, त्याने दिल्या 'बे पोढियो'. पोढी म्हणजे लेण्यातलं पाण्याचं टाकं. हा शब्द लेणी अभ्यासणारे आजही वापरतात. आणि 'बे' म्हणजे दोन. घोडेगावच्या शाळेत आम्ही 'बे एके बे' ओरडत पाढे म्हणायचो तोच हा 'बे'. परक्या म्हणवल्या जाणाऱ्या माणसाच्या लेखात आपल्या पाढ्यातला शब्द सापडतो, तेव्हा पहिल्यांदा अंगावर काटा येतो. माझ्या तरी आला होता.

चिट आणि इरिल या दोघांच्या नावापुढे 'गतान' असा शब्द आहे, म्हणजे 'गतांपैकी'. हे गत कोण? १९१२ मध्ये स्टेन कोनो या नॉर्वेजियन विद्वानाने रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलं की हे गत म्हणजे गॉथ, युरोपातली जर्मानिक जमात. कोनो कुणी हौशी माणूस नव्हता. प्राकृत आणि खरोष्ठी लेखांवरचं त्याचं काम आजही उघडावं लागतं. तरी हा दावा बघा कशावर उभा आहे: 'गत' आणि 'गॉथ' यांच्या ध्वनिसाम्यावर. जुन्नरचे हे लेख साधारण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या आसपासचे मानले जातात. गॉथ काळ्या समुद्राच्या काठी ठळकपणे दिसू लागतात ते तिसऱ्या शतकात. म्हणजे समुद्रापर्यंत पोचण्याआधीच त्यांना नाणेघाट चढावा लागेल. शिवाय ब्राह्मीतल्या प्राकृत लेखांत जोडाक्षराचं द्वित्त लिहीत नाहीत. लिहिलेलं 'गत' हे उच्चारात 'गत्त'ही असू शकतं, आणि मग त्याच्या मागे उभ्या राहू शकणाऱ्या मूळ शब्दांची रांग एकदम लांबते. दोन अक्षरांच्या शब्दाला जगात कुठे ना कुठे जुळणारा शब्द सापडतोच. सापडला म्हणून काहीच सिद्ध होत नाही.

पण मी कोनोला हसायच्या लायकीचा नाही. माझ्या पहिल्या वर्षीच्या वहीत एक तक्ता होता. डावीकडे लेण्यांतल्या यवनांची नावं, उजवीकडे ग्रीक नावं. इरिलसमोर मी लिहिलं होतं 'एउरिअलोस'. होमरच्या काव्यात या नावाचा वीर आहे, त्यामुळे मला फारच भारी वाटलं होतं. गाईड मॅडमनी तक्ता पाहिला, पेन उघडलं आणि एकच प्रश्न विचारला: "इरिल हे भारतीय नाव असू शकत नाही, हे तू कुठे तपासलंस?"

मी तपासलं नव्हतं. तपासलं तेव्हा दहा मिनिटांत पाणिनी हातात आला. लांबलचक नावाचं लाडाचं किंवा छोटं रूप करताना 'इल' हा प्रत्यय लागतो: देवदत्तचा देविल होतो. सांचीच्या दानलेखांत यखिल वगैरे नावं आहेतच. मग इरिलमधला 'इल' हा ग्रीक 'अलोस'चा अवशेष कशावरून? असेलही. पण 'इल' प्रत्ययाचं इथलं स्पष्टीकरण समोर असताना ते न सांगता ट्रॉयपर्यंत जाणं हा अप्रामाणिकपणा आहे, अजाणतेपणी केलेला असला तरी. चंद तर चंद्र, चिट हे बहुधा चित्र. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांब देणारे धेनुकाकटचे यवन बघा: सिहधय, म्हणजे सिंहध्वज, धम्म. ही नावं कुठल्याही बौद्ध उपासकाची असू शकतात. त्याच धेनुकाकटचे सुतार आणि गंधीही तिथे दान देतात, यवन न म्हणवता.

म्हणजे परिस्थिती अशी: जे लोक स्वतःला यवन म्हणतात त्यांची नावं ग्रीक नाहीत, निदान उघडपणे तरी नाहीत. आणि आपण त्यांचं ग्रीकपण नावातूनच शोधायला निघतो.

आता उलट बाजूने, खऱ्याखुऱ्या ग्रीक नावाकडून येऊ. विदिशेजवळ बेसनगरला एक गरुडस्तंभ आहे. कनिंगहॅम १८७७ मध्ये तिथे गेला, पण खांबावर शेंदराची इतकी पुटं चढली होती की लेख त्याला दिसलाच नाही. १९०९ मध्ये पुटं काढली आणि नाव वाचलं गेलं: हेलिओदोर. दियाचा मुलगा, तक्षशिलेचा, योन दूत, अंतलिकित राजाकडून आलेला, आणि भागवत. इथे 'हेलिओदोर' म्हणजे 'हेलिओडोरॉस' हे आपण कानावर विसंबून म्हणत नाही. या नावाला प्राकृतात काही अर्थ लागत नाही. ग्रीकमध्ये लगेच लागतो, सूर्याने दिलेला. वडिलांचं नावही ग्रीक. आणि राजाची नाणी सापडलेली आहेत, एका बाजूला ग्रीक लिपीत अँटिअल्किडास, दुसऱ्या बाजूला खरोष्ठीत तेच नाव. त्या काळचा लेखनिक ग्रीक ध्वनी कसे उतरवत होता याचा नमुना नाण्यावरच मिळतो. नाव, बाप, गाव, राजा असे चार धागे एकमेकांना धरून आहेत. यातला एक तुटला तरी बाकीचे तीन ओळख सांभाळतात.

या दोन टोकांच्या मध्ये जे प्रकरण येतं ते सगळ्यात अवघड, आणि त्याच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. नाव आहे डेमेट्रियस.

ग्रीक उच्चार साधारण दिमित्रिओस, डेमेटर या धान्यदेवतेचा. मजबूत, फिरस्तं नाव. रशियात त्याचं दिमित्री झालं; शाळेतल्या आवर्तसारणीच्या धड्यात भेटलेला मेंडेलीव्ह हा दिमित्रीच. (त्याने न सापडलेल्या मूलद्रव्यांना 'एका-ॲल्युमिनियम' वगैरे नावं देताना आपला संस्कृत 'एक' वापरला, हे जाता जाता.) त्याला कुणी ग्रीक म्हणत नाही, कारण नाव कुठून आलं आणि माणूस कुठून आला हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि जिवंत माणसांच्या बाबतीत हे आपल्याला न सांगता कळतं. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस असला की मात्र आपण विसरतो.

आपल्या भागातला डेमेट्रियस आहे नाशिकला. त्रिरश्मीच्या लेण्यांत, आज ज्याला १७ क्रमांक दिला आहे त्या लेण्यात, एका दात्याचा लेख आहे. त्याचं नाव इंद्राग्निदत्त, वडिलांचं धम्मदेव, मुलाचं धम्मरखित. तीन पिढ्या, तिन्ही नावं इथली, त्यात एक तर थेट वैदिक देवतांच्या जोडीवरून. तो स्वतःची ओळख तीन शब्दांत करून देतो: ओतराह, म्हणजे उत्तरेकडचा, योनक, आणि दंतामितियक, म्हणजे दंतामिती गावचा. त्याने आईवडिलांसाठी लेणं, आतलं चैत्यगृह आणि पोढ्या करवल्या.

हे दंतामिती कुठलं? इथे डब्ल्यू. डब्ल्यू. टार्न येतो. १९३८ मध्ये त्याचं 'द ग्रीक्स इन बॅक्ट्रिया अँड इंडिया' हे पुस्तक आलं आणि त्यानंतर या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याशी सहमत तरी व्हावं लागलं किंवा भांडावं तरी. टार्नचं म्हणणं थोडक्यात असं: दंतामिती म्हणजे दात्तामित्री, दात्तामित्री म्हणजे डेमेट्रियास, बॅक्ट्रियाच्या डेमेट्रियस राजाने सिंधमध्ये वसवलेलं शहर, आणि इंद्राग्निदत्त हा त्या ग्रीक शहराचा नागरिक, जन्माने भारतीय पण हक्काने ग्रीक. हे वाचताना मी पहिल्यांदा अक्षरशः उठून उभा राहिलो होतो. नाशिकच्या डोंगरावर ग्रीक नगरराज्याचा नागरिक!

आता हे सावकाश उलगडू. या दाव्यात प्रत्यक्षात दोन सांधे आहेत आणि टार्न इतकं ओघवतं लिहितो की ते एकच वाटतात.

पहिला सांधा: लेखातलं दंतामिती म्हणजे व्याकरणग्रंथातलं दात्तामित्री. हा भक्कम आहे. पाणिनीच्या एका सूत्रावर काशिका वृत्तीत सौवीर देशातल्या नगरीचं उदाहरण येतं, दात्तामित्री, दत्तामित्राने वसवलेली. सौवीर म्हणजे सिंधच्या बाजूचा प्रदेश. नाशिकहून बघितलं तर 'उत्तरेकडचा' हे बरोबर बसतं. प्राकृतात 'मित्र'चं 'मित' होणं हा रोजचा नियम. मधला दीर्घ 'ता' दोन्हीकडे आहे. ध्वनी, दिशा, आणि एक स्वतंत्र साधन, तिन्ही जुळतात.

दुसरा सांधा: दत्तामित्र म्हणजे डेमेट्रियस. इथे काय आहे? बॅक्ट्रियाचा डेमेट्रियस, एउथिडेमॉसचा मुलगा, होता हे खरं. स्ट्रेबोने अपोलोडोरसच्या आधाराने मिनँडर आणि डेमेट्रियस यांच्या भारताकडच्या विजयांबद्दल लिहिलंय आणि त्यात सिंधूच्या मुखाकडचा पातालेने हा प्रदेश येतो. म्हणजे संधी होती. पण संधी म्हणजे पुरावा नव्हे. १९५७ मध्ये ए. के. नारायण यांनी 'द इंडो-ग्रीक्स' लिहिलं तेव्हा या डेमेट्रियसच्या भारतविजयाचा टार्नने फुगवलेला आकार त्यांनी बराच कमी केला. राजाच सिंधपर्यंत पोचला की नाही यावर वाद असेल तर त्याने सिंधमध्ये वसवलेल्या शहरावर किती भार टाकायचा?

मग नावाचा ध्वनी. डेमेट्रियस नावाच्या राजाचं एक द्विभाषिक नाणं आहे आणि त्यावर खरोष्ठीत नाव साधारण 'दिमेत्रिय' असं उतरलंय. (या नावाचे राजे एकाहून जास्त झाले आणि हे नाणं त्यातल्या कोणाचं यावर मतं बदलत आलीत. आपल्या मुद्द्याला त्याने फरक पडत नाही. ग्रीक नाव इथले लोक कसं ऐकत होते एवढंच आपल्याला हवंय.) दि-मे-त्रि, तीन ठोके. दत्-ता-मि-त्र, इथे मध्ये एक 'ता' जास्तीचा आहे. तो कुठून आला? ध्वनिबदलाच्या कुठल्याही नियमाने येत नाही. एकच वाट उरते: लोकांनी परकं नाव ओळखीच्या शब्दांत बसवलं, 'दत्त' आणि 'मित्र' असं. असं घडतं. मिनँडरचा पालीत मिलिंद झालाच. पण मिलिंदाच्या बाबतीत योन राजा, राजधानी सागल, असा भोवतीचा मजकूर आहे, म्हणून आपण तो बदल मान्य करतो. दत्तमित्राच्या भोवती असं काय आहे? महाभारताच्या काही पाठांत सौवीरांच्या दत्तमित्र नावाच्या राजाचा उल्लेख येतो. पुण्यात असाल तर एक घरचा अभ्यास: भांडारकर संस्थेची आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती काढा आणि तो उल्लेख मुख्य पाठात आहे की खाली तळटीपेत, हे स्वतः बघा. तळटीप वाचायची सवय लागायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि सगळ्यात अडचणीची गोष्ट: 'दत्तमित्र' हे नाव स्वतःच्या पायावर उभं आहे. दत्त, मित्र, दोन्ही इथल्या नावांत पायलीला पन्नास. हेलिओदोरला प्राकृतात अर्थ नव्हता म्हणून ग्रीककडे जावंच लागलं. दत्तमित्राला कुठेही जायची गरज नाही. ई. एच. जॉन्स्टनने १९३९ मध्येच या मुद्द्यावर लेख लिहिला, त्याच्या शीर्षकात सिंधमधल्या डेमेट्रियासपुढे प्रश्नचिन्ह आहे. टार्न वाचणाऱ्या दहा जणांतल्या नऊ जणांनी हा लेख वाचलेला नसतो. मी पण नंतरच वाचला.

टार्न चुकला असं मी म्हणत नाहीये, हे नीट लक्षात घ्या. दत्तमित्र म्हणजे डेमेट्रियस असणं शक्य आहे. माझी तक्रार वेगळी आहे. पहिल्या सांध्याची मजबुती त्याने दुसऱ्याला उधार दिली आणि मग त्या उधारीवर तिसरा मजला चढवला, ग्रीक नागरिकत्वाचा. समजा शहर डेमेट्रियसच्याच नावाचं होतं. तरी तिथला रहिवासी ग्रीक नागरिक कसा ठरतो? सिकंदराबाद घ्या. अलेक्झांड्रोस हे नाव अरबी-फारसीत शिरलं, सुरुवातीचं 'अल' लोकांना अरबी उपपद वाटलं, 'क्स'चं 'स्क' झालं, इस्कंदर, सिकंदर. ते नाव हैदराबादच्या निजामाला, सिकंदर जाहला मिळालं आणि त्याच्यावरून गावाला. या साखळीतली प्रत्येक कडी कागदावर दाखवता येते, दत्तमित्रापेक्षा कितीतरी पक्की. म्हणून सिकंदराबादचा माणूस ग्रीक होतो का? निजामसुद्धा नव्हता. मोहोळचा पैलवान सिकंदर शेख २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हा कुणाला मॅसेडोनिया आठवला नाही, आणि बरोबरच होतं.

मग इंद्राग्निदत्ताकडे ग्रीक म्हणून काय उरतं? गावाच्या नावातून तर काही पक्कं मिळत नाही. उरतो 'योनक' हा शब्द, जो त्याने स्वतः, किंवा त्याच्या सांगण्यावरून लेखनिकाने, दगडात कोरून घेतला. माझ्या मते आपण सगळे चुकलो ते इथे. नावाच्या मागे धावताना हा शब्द आपण ओलांडून गेलो, जणू त्याचा अर्थ आपल्याला आधीच माहीत आहे. टार्ननेही योनक आणि यवन या रूपांतल्या फरकाचा खूप विचार केला, पण तो पुन्हा शब्दाच्या जन्माचाच. त्या शब्दाचं नाशिकच्या डोंगरावर काय चाललं होतं?

त्याच डोंगरावर, थोड्याच अंतरावरच्या ३ क्रमांकाच्या लेण्यात, गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. पुळुमावीच्या १९ व्या वर्षातला. त्यात ती आपल्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, शक, यवन आणि पल्हवांचा संहार करणारा म्हणते. एका लेण्यात यवनांचा नाश हे राजाचं भूषण, आणि त्याच रांगेत दुसऱ्या लेण्यात एक जण अभिमानाने 'मी योनक' म्हणत आईवडिलांच्या नावाने पाण्याच्या पोढ्या देतोय. भिक्षू दोन्हीकडे तेच. जुन्नरलाही हेच दृश्य. मानमोडीच्या भीमाशंकर गटात अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे, क्षत्रप नहपानाचा हा मंत्री, वर्ष ४६, त्यानेही दिलं काय तर पोढी आणि मंडप. इरिलने दिलं तेच, चिटने दिलं तेच. (नवख्यांसाठी: भीमाशंकर गट जुन्नरलाच आहे. नाव वाचून मंचरहून भीमाशंकरची एसटी पकडलेला एक मुलगा माझ्या माहितीत आहे. नावांवर विश्वास ठेवण्याचे तोटे असेही असतात.)

म्हणून आता माझ्या प्रकरणातला प्रश्न बदललाय. 'हे यवन मुळात कोण होते' याऐवजी 'दान देताना यवन हा शब्द कोरून घ्यायची गरज कोणाला आणि का वाटली' असा तो झालाय. कार्ल्याला सिंहध्वजाने नुसतं नाव लिहिलं असतं तर आज आपल्याला तो यवन होता हे कळलंही नसतं. असे किती असतील, ज्यांनी तो शब्द लिहिला नाही? आणि ज्यांनी लिहिला त्यांना त्यातून काय मिळत होतं, कल्याण बंदरापासून नाणेघाट चढून येणाऱ्या व्यापारी वाटेवरची पत, की फक्त गावाकडची आठवण? हा प्रश्न उत्तराला अवघड आहे, पण निदान साधनं त्याच्याशी बोलतात: कोण कुठे कोरतो, कशाशेजारी कोरतो, काय देतो, स्वतःला आधी गावाचा म्हणतो की यवन म्हणतो. इंद्राग्निदत्त आधी 'उत्तरेकडचा' म्हणतो, मग गाव सांगतो, मग योनक. चंद थेट यवनापासून सुरुवात करतो. हा क्रम मी गेली दोन वर्षं नोंदवतोय.

सिनॉप्सिसमध्ये हे कसं लिहायचं, असं विचाराल. माझं जुनं वाक्य होतं: "नाशिक आणि जुन्नर येथील लेखांतून ग्रीक वसाहती सिद्ध होतात." मॅडमनी 'वसाहती' आणि 'सिद्ध' दोन्हीखाली लाल रेघ मारली होती. आताचं वाक्य: "जुन्नर येथील तीन व नाशिक येथील एक दाता स्वतःस यवन वा योनक म्हणवतो, त्यांची व्यक्तिनामे प्राकृत नामपद्धतीत स्पष्ट करता येतात, अपवाद इरिल, ज्याबाबत निर्णय राखून ठेवला आहे." दुसरं वाक्य कंटाळवाणं आहे, मान्य. व्हायव्हाला मात्र त्यातल्या प्रत्येक शब्दावर मी उभा राहू शकतो.

आणि तक्ता? तो अजून वहीत आहे, वर आडवी रेघ मारलेला. इरिलसमोरचं 'एउरिअलोस' मी खोडलं आणि तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. मागच्या महिन्यात मॅडमनी वही पुन्हा चाळली, प्रश्नचिन्हाकडे बघून म्हणाल्या, "हे शाईने कर."